बोर्ड गेला म्हणायच्या आधी जेवून या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की घरी कॉम्प्युटर जुळवणं म्हणजे पोरखेळ, पैसे वाया जातात, चालू झाला नाही की कुणी दारात उभं करत नाही, त्यापेक्षा गपगुमान रेडीमेड घ्यावा. त्यांचं शेवटचं वाक्य, कुणी दारात उभं करत नाही, हे शंभर टक्के खरं आहे, आम्ही ते भोगलंय. पण पोरखेळ म्हणाले ते काय पटलं नाही म्हणून हे लिहायला बसलो. लांबलं तर कात्री लावा.

मी इचलकरंजीत मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो. बत्तीस वर्षं झाली. लूमच्या मोटरी, बोअरच्या मोटरी, पिठाच्या गिरणीच्या, जे येईल ते. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, बिलं अजून हातानेच लिहितो. पोरगी डिप्लोमाला आहे, तिला डिझाइनचं सॉफ्टवेअर चालवायचं असतं. आमच्याकडं एक जुना सेकंडहँड डबा होता, इंटेलची तिसरी पिढी. १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला आणि विंडोज ११ त्या डब्यावर रीतसर बसेना, त्याला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग लागतो म्हणे. मग पोरगी म्हणाली पप्पा नवीन घ्यायचाच आहे तर पार्ट आणून आपणच जोडू, तेवढ्याच पैशात चांगला होतो. मी म्हटलं जोड की. मोटर खोलून परत बांधणाऱ्या माणसानं पोरीला नको कुठल्या तोंडानं म्हणायचं.

निम्मे पार्ट तिच्या मावसभावानं मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतले, निम्मे ऑनलाइन. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००, त्याला चालणारा बी६५० बोर्ड, म्हणजे ज्यावर बाकी सगळे पार्ट बसतात तो, डीडीआर५ रॅमच्या सोळा सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी म्हणजे डेटा ठेवायची डिस्क, एसएमपीएस म्हणजे सगळ्यांना करंट देणारा डबा, कॅबिनेट. पाऊण लाखाच्या वर गेलं सगळं. भाऊबीजेच्या दिवशी घरात पाहुणे, फराळ, आणि हॉलमध्ये चटईवर हा पसारा. मेव्हणा येता जाता म्हणत होता हे काय लेगोचं घर बांधताय काय.

चार तास लागले जोडायला. बटण दाबलं. काहीच नाही. पंखा नाही, लाइट नाही, आवाज नाही.

पहिली चूक हसण्यासारखी, एसएमपीएसच्या मागं एक वेगळा स्विच असतो तो बंदच होता. तो चालू केला तरी शांतता. आता इथं माझ्या धंद्यातली गोष्ट आली म्हणून मी पुढं सरकलो. कॅबिनेटचं बटण म्हणजे काय, आपल्या स्टार्टरच्या हिरव्या पुशबटणासारखं, दाबलं की दोन तारा क्षणभर जोडतात आणि सोडलं की सुटतात, त्यात प्लस मायनस काही नाही. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नऊ बारीक पिना असतात, त्यातल्या सहा आणि आठ नंबरच्या दोन पिनांवर ती वायर बसते. पोरीनं एक घर सरकवून बसवली होती, एक टोक बटणाच्या पिनवर आणि दुसरं लाइटच्या पिनवर. मी वायर काढून बारीक टेस्टरच्या टोकानं त्या दोनच पिना एकदा टेकवल्या आणि सगळे पंखे घुर्र करून फिरले. घरात टाळ्या. मेव्हणा गप.

टाळ्या फार टिकल्या नाहीत. पंखे फिरतात, रंगीत लाइट लागतात, मॉनिटर काळा. बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावं असतात, चालू होताना बोर्ड एकेक तपासत पुढं जातो आणि जिथं अडकतो तो दिवा पेटून राहतो. पूर्वीच्या कॉम्प्युटरात हेच काम पिंपिं वाजून व्हायचं, १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची पद्धत आहे, एक छोटी शिटी म्हणजे सगळं ठीक. आता कंपन्या तो दहावीस रुपयांचा स्पीकर पण देत नाहीत, दिवे बघत बसायचं. तर आमचा सीपीयूचा दिवा पेटला होता. बघतो तर प्रोसेसरच्या करंटची आठ पिनांची वेगळी वायर लावायचीच राहिलेली, ती कॅबिनेटच्या पाठीमागं लोंबत होती. बोर्डाची मोठी चोवीस पिनांची लावली की झालं असं वाटतं, पण प्रोसेसरचा फीडर वेगळा असतो. आणि एक धोक्याचं सांगतो, ग्राफिक्स कार्डाची वायर पण आठ पिनांची असते, दिसायला बहीणच, पण तिच्यात बारा व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूला असतात. खाचा वेगळ्या असतात म्हणून सहज बसत नाही, जोर लावला तर मग काय सांगावं. पोरीनं आधी तीच लावून बघितली होती, बसली नाही म्हणून सोडून दिली, देवानंच सोडवलं म्हणायचं. असंच एका कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, टोक बसतं पण आतलं कनेक्शन वेगळं असू शकतं.

ती वायर लावली. सीपीयूचा दिवा विझला, डीरॅमचा पिवळा पेटला.

इथून पुढं आमचे दोन दिवस गेले संपादकसाहेब. अर्धा मिनिट वाट बघायची, पिवळा दिवा, बंद करायचं. पट्ट्या काढून परत दाबून बसवल्या, टक् आवाज येईपर्यंत. परत पिवळा. एक पट्टी काढून एकच ठेवली, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या घरात, बोर्डाच्या पुस्तकात तसंच लिहिलंय. पिवळा. दुसरी पट्टी लावली. पिवळा. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, तो काढून दहा मिनिटं थांबून परत लावला. पिवळाच. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट, फार तर पाऊण, की बटण दाबून धरून बंद. माझ्या हाताला पण तीच सवय, मोटर गुंगुं करत राहिली आणि फिरली नाही की दोन सेकंदात मेन पाडायचा, नाहीतर वाइंडिंग जळतं.

दुसऱ्या दिवशी एक टेक्निशियन बोलावला. चांगला पोरगा, नाव ठेवत नाही. त्यानं पण तेच केलं, चालू, बंद, पट्टी इकडं, पट्टी तिकडं, आणि वीस मिनिटांनी म्हणाला काका बोर्ड गेलाय. पाचशे रुपये. मी विचारलं कशावरून गेला, मीटर लावलास का, कुठलं व्होल्टेज येत नाही. तो म्हणाला काका यात मीटर लावत नाहीत. जिथून बोर्ड घेतला तिथं फोन केला तर म्हणे बॉक्स उघडलाय, प्रोसेसर बसवलाय, आता परत घेत नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा, पंधरा वीस दिवस धरून चला. पोरगी रडायच्या बेताला आली. बायको म्हणाली मी म्हणत होते.

मग मी म्हटलं थांबा, आता माझ्या पद्धतीनं करू. मोटर पॅनेलवर चालेना की आम्ही काय करतो, मोटर सुटी करतो, बाकी सगळा पसारा काढून टाकतो आणि नुसत्या मोटरला सप्लाय देऊन बघतो. तसं बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला, ग्राफिक्स कार्ड काढलं, एसएसडी काढली, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी, बस्स. ७६०० च्या पोटात थोडं डिस्प्लेचं काम असतं त्यामुळं मॉनिटरची वायर थेट बोर्डाला लावली. एसएमपीएस पण सुटा तपासला, चोवीस पिनांच्या टोकातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला तारेच्या तुकड्यानं टेकवली की तो बोर्डाशिवाय चालू होतो, आजकाल सगळ्या वायरी काळ्याच असतात तेव्हा मोजून सोळा नंबर आणि सतरा नंबर. बाराच्या जागी ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात, आमच्याकडं १२.१ आले. म्हणजे सप्लाय ठीक. सगळं परत लावून टेस्टरनं पिना टेकवल्या, पिवळा दिवा पेटला, आणि तेवढ्यात बायकोनं आतून हाक मारली की पानं वाढलीत, आता उठताय का पानं झाकून ठेवू. पोरगी वैतागली होती, तशीच उठली, बंद करायचं पण तिच्या मनात राहिलं नाही.

आम्ही जेवून आलो तर मॉनिटरवर अक्षरं.

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम (प्रोसेसरच्या पोटातलं टीपीएम) करप्ट झालंय किंवा बदललंय, वाय दाबा नाहीतर एन दाबा. करप्ट वाचून पोरगी परत घाबरली, पण तो नेहमीचा निरोप असतो, नवीन प्रोसेसर पहिल्यांदा बसला की एएमडीच्या बोर्डावर येतो, आणि डिस्कवर जुना लॉक केलेला डेटा नसेल तर वाय दाबून मोकळं व्हायचं. दाबलं. बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, उघडला. पोरगी सिंकजवळ जाऊन चूळ भरायची विसरली होती, तशीच खुर्चीवर बसून बघत होती.

झालं काय होतं, ते तिनं नंतर शोधून मला समजावलं आणि मला ते लगेच कळलं, कारण आमच्या भाषेत ते पंपानं पाणी धरण्यासारखं आहे. डीडीआर५ रॅम एवढ्या वेगानं चालते की प्रोसेसर आणि पट्टी यांच्यातल्या प्रत्येक लाइनला नेमकं कुठल्या क्षणी सिग्नल वाचायचा हे बोर्डाला पहिल्यांदा चालू होताना करून करून बघायला लागतं, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. आमचा प्रोसेसर बोर्डावर ज्यात बसतो तो एएम५ सॉकेट २०२२ ला आला तेव्हापासून त्यात डीडीआर५ च चालते, आणि पहिल्या वेळी काही मिनिटं जातात, पट्ट्या मोठ्या किंवा जास्त असतील तर अजून जास्त. तेवढा वेळ पडदा काळा आणि पिवळा दिवा पेटलेला. बिघाड असला तरी तोच पिवळा दिवा आणि काम चालू असलं तरी तोच पिवळा दिवा! ही कुठली रीत, सांगा. आणि एकदा का ते माप बसलं की बोर्ड ते लक्षात ठेवतो, पण सेल काढला, पट्टी बदलली, बायोस नवीन टाकला की परत पहिल्यापासून सुरू. म्हणजे आम्ही दोन दिवस काय केलं, पंप पाणी धरायच्या आधी बंद करत होतो, आणि दर वेळी फूटव्हॉल्व्ह उघडून पाइपातलं पाणी सांडून परत चालू करत होतो.

बोर्डाबरोबर पुस्तक येतं, जाडजूड, पण मराठी सोडा, हिंदीत पण एक ओळ नाही. त्यात ही गोष्ट असेल तर ती आम्हाला तरी सापडली नाही. खोक्याच्या झाकणावर रंगीत लाइटचे फोटो आहेत. त्याच झाकणावर एक चिठ्ठी, पहिल्यांदा चालू करताना पंधरा मिनिटं पडदा काळा राहू शकतो, बंद करू नका, एवढी चिकटवायला काय जातं? विकणाऱ्या दुकानदारांनी मनावर घेतलं तर झेरॉक्सच्या दोन रुपयांत होतंय.

आता दिव्याखालचा अंधार पण सांगून टाकतो. कार्ड लावून सगळं परत कॅबिनेटमध्ये बसवलं, आणि पोरगी म्हणाली पप्पा हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर कॅबिनेटवर लाल दिवा लागला. सगळे म्हणाले शॉर्ट झालं. शॉर्ट नव्हतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात एक छोटा कपॅसिटर फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला असतो, अर्थिंग असेल तर जो किंचित करंट गळतो तो जमिनीत जातो, अर्थिंग नसेल तर बॉडी मधल्यामधे २३० च्या निम्म्यावर लोंबकळत राहते. मीटरला एकशे दहाच्या आसपास दाखवत होतं. करंट अगदी थोडा म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण तशात मॉनिटरची वायर लावली काढली तर पोर्ट उडू शकतो. आणि अर्थिंग का नव्हतं? तर हॉलमधल्या त्या सॉकेटच्या मोठ्या भोकामागं वायरच नव्हती, आणि ते सॉकेट वीस वर्षांपूर्वी मीच बसवलेलं. गावाच्या मोटरींना अर्थिंग नाही म्हणून शिव्या देणारा माणूस मी. हे पोरीनं अख्ख्या भावकीत सांगितलंय त्यामुळं आता लपवण्यात अर्थ नाही. रविवारी मीटरपासून हिरवी वायर ओढली, झिणझिण्या बंद.

ही बातमी गल्लीत पसरली आणि दुकानात मोटरींबरोबर कॉम्प्युटर यायला लागले. तीन महिन्यांत सातआठ पोरं आली असतील. सगळ्यांना कुणी ना कुणी बोर्ड गेलाय असंच सांगितलेलं. एकाचा इंटेलचा १२४००एफ होता, नावाच्या शेवटी एफ असला की त्यात डिस्प्लेचा भागच नसतो, आणि हा मॉनिटरची वायर बोर्डाला लावून बसलेला, ती ग्राफिक्स कार्डाला लावली की झालं, दीड मिनिटाचं काम. एकाच्या कॅबिनेटमध्ये एक पितळी स्टँडऑफ जास्तीचा राहिला होता, बोर्ड छोटा आणि ती खुंटी बोर्डाच्या पाठीला मधेच टेकलेली, आमच्या भाषेत बॉडी शॉर्ट, खोक्यावर ठेवला की चालायचा आणि आत बसवला की मरायचा. एकानं रायझन ९६००एक्स आणला होता आणि बोर्ड जुन्या स्टॉकमधला, तो प्रोसेसर २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलाय, बोर्डाचा बायोस त्याच्या आधीचा, मग बोर्डाला ओळखच नाही. त्या बोर्डाला मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण होतं, पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट करून त्यात फाइल टाकून नुसत्या करंटवर नवीन बायोस चढवता येतो, प्रोसेसर चालू असायची पण गरज नाही. ते पोरीनं केलं, मी नुसता चहा सांगितला. एक मात्र खरंच गेलेला होता, सेकंडहँड बोर्ड, एएम५ च्या सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, केसासारख्या, त्यातल्या कोपऱ्यातल्या तीनचार झोपलेल्या, बारीक तारेसाठी मी वापरतो त्या भिंगातून स्पष्ट दिसत होत्या. मी हात लावला नाही. जे येत नाही ते येत नाही.

म्हणून त्या वाचकांना आणि दुकानदारांना पण सांगणं आहे. पोरं चुका करतात, करणारच, पण आठातले सात कॉम्प्युटर धडधाकट होते आणि मेले म्हणून घरी परत पाठवले होते. काउंटरवर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घेणाऱ्याच्या समोर एकदा खोक्यावर चालवून दाखवा, दोनशे तीनशे रुपये घ्या त्याचे, आम्ही देऊ की. नादुरुस्त म्हणता तर कशावरून ते कागदावर लिहून द्या. पोरांनी पण पार्ट उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, बिल जपावं, आणि पार्ट खरंच खराब निघून पण दुकानदार टोलवायला लागला तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथं तक्रार घेतात. आणि जोडायचा तो आधी टेबलावर जोडून चालवून बघा, मग कॅबिनेटमध्ये घाला. आम्ही उलटं केलं म्हणून चार तासांचं परत खोलायला लागलं.

पोरीचा कॉम्प्युटर झकास चाललाय. रॅमच्या खोक्यावर वेग ६००० लिहिलाय पण आपण होऊन ती ४८०० वरच चालते, बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाचं सेटिंग चालू करायला लागतं, ते तिनं केलं आणि परत काळा पडदा, परत पिवळा दिवा. या वेळी ती घड्याळ लावून बसली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्यात मी आपलं सुपारी कातरून घेतली. आता रॅमचे भाव असे चढलेत की त्या दोन पट्ट्या सोन्याच्या पाटल्यांसारख्या जपायला लागतात, ते वेगळं.

त्या टेक्निशियन पोराला मी मुद्दाम फोन करून सांगितलं, पाचशे परत मागायला नाही, सांगायचं म्हणून. तो जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, काका, मागच्या महिन्यात मी अशाच एका बोर्डाला गेला म्हणून सांगितलंय जयसिंगपूरला. किती मिनिटं म्हणालात?

आपला,
एक मोटर रिवायंडिंगवाला,
इचलकरंजी